घरची बैठक: गाणं कानापर्यंत नीट पोचवायची तयारी

"आज गाणं काही रंगलं नाही" असं मैफलीनंतर सहज बोललं जातं. "आज खोली बरी नव्हती" असं मात्र फारसं कुणी म्हणत नाही. गायक तोच, बंदिश तीच, साथीदारही तेच असले तरी एका ठिकाणी अंगावर काटा येतो आणि दुसऱ्या ठिकाणी लोक घड्याळाकडे बघायला लागतात. जोशुआ बेल या नामांकित व्हायोलिनवादकानं १२ जानेवारी २००७ रोजी सकाळी वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्थानकात, साध्या कपड्यांत आणि टोपी घालून, सुमारे पाऊण तास बाख वगैरे वाजवलं. हजारावर माणसं समोरून गेली, थांबून ऐकणारी सात निघाली. वादन तेच होतं. नव्हतं ते त्याच्याभोवती लागणारं सगळं: बसायला जागा, शांतता, हाताशी मोकळा वेळ, आणि आपण ऐकायला आलो आहोत ही जाणीव.

हे सगळं घरी जमवता येतं, तेही फार खर्च न करता. पुढची माहिती नाशिकमधल्या घरगुती बैठकीसाठी आहे. तीस-चाळीस श्रोते, एक गायक किंवा वादक आणि साथीला तबला-पेटी असं गृहीत धरलं आहे. शेवटी घरात रेकॉर्डिंग ऐकण्याबद्दलही लिहिलं आहे, कारण रोजचं ऐकणं आता बहुतेक तिथंच होतं.

खोली तपासा

आपल्याकडे बैठकीला साधारण तीन प्रकारच्या जागा मिळतात. जुन्या नाशकातल्या किंवा पंचवटीतल्या वाड्याचा दिवाणखाना, गंगापूर रोड-कॉलेज रोडकडच्या फ्लॅटचा हॉल, आणि सोसायटीचा सभागृहवजा हॉल. यांतला वाड्याचा दिवाणखाना मिळत असेल तर दुसरा विचार करू नका. लाकडी तुळया, फळ्यांचं छत, कोनाडे, जाड भिंती यांमुळे आवाज एकाच दिशेनं आपटून परत येत नाही. लाकूड खालचे स्वर थोडे शोषून घेतं, त्यामुळे बायाँ (तबल्याच्या जोडीतला डावा, खर्जातला भाग) घुमत राहत नाही. फ्लॅटमध्ये याच्या उलट असतं. गुळगुळीत फरशी, सपाट छत, काचेच्या सरकत्या खिडक्या, समोरासमोर दोन उघड्या भिंती.

तपासायची रीत सोपी आहे. खोलीतलं सामान बैठकीच्या दिवशी जसं असेल तसं ठेवा, पंखा बंद करा, मधोमध उभं राहून एकच खणखणीत टाळी वाजवा. टाळीनंतर 'टर्रर्र' असा बारीक थरथरता आवाज आला तर दोन समांतर भिंतींमध्ये आवाज ये-जा करतो आहे. तो तबल्याच्या चाटीवर (कडेवरच्या आघातावर) आणि सरगमवर चिकटतो. नुसतंच घुमलं तर खोलीत शोषणारं काही नाही. टाळी मेल्यासारखी वाटली, म्हणजे काहीच परत आलं नाही, तर गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येणार नाही आणि तो उगाच जोर लावेल.

आकड्यांत सांगायचं तर खोलीचं घनफळ (घनमीटरमध्ये) गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण (खोली किती आवाज गिळते ते, चौरस मीटरमध्ये). उत्तर येतं ते घुमण्याचे सेकंद. वीस बाय पंधरा फूट, दहा फूट उंच हॉलचं घनफळ सुमारे ८५ घनमीटर होतं. त्यात फक्त फरशी, भिंती, काच, दारं आणि एखादं कपाट असेल तर शोषण सातेक चौरस मीटर धरा, म्हणजे घुमणं दोन सेकंदांच्या आसपास जातं. सेकंदाला आठ स्वरांची तान घेतली तर दोन सेकंदांत सोळा स्वर होतात, आणि नवा स्वर येतो तेव्हा त्या सगळ्यांचा अंश हवेत शिल्लक असतो. श्रोत्याला तान 'गिचमिड' वाटते आणि दोष गायकाच्या माथी जातो. आता याच हॉलमध्ये तीस माणसं बसवा. बसलेलं माणूस साधारण ०.४ चौरस मीटर शोषण देतं, म्हणजे बारा. जाड सतरंज्या आणि पडदे मिळून पाच धरा. एकूण चोवीस झाले, घुमणं अर्ध्या सेकंदाच्या जरा वर आलं. ख्यालाला ०.६ ते ०.८ सेकंद फार छान बसतं. भजनाला, बासरीला थोडं जास्त चालतं. शब्दांवर भर असलेल्या ठुमरीला, नाट्यगीताला कमीच बरं.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची: श्रोते हेच सगळ्यांत मोठं शोषण आहे. रिकाम्या खोलीत आवाज लावून बघितला तर तो जास्त घुमलेला वाटणारच, म्हणून घाबरून सगळ्या भिंतींवर गोधड्या टांगू नका. माणसं आल्यावर खोली कोरडी पडेल.

काय टांगायचं, कुठे बसवायचं

गायकाच्या मागची भिंत उघडी ठेवा, किंवा तिथं पुस्तकांचं कपाट असू द्या. ती भिंत आवाज पुढे ढकलते. जाड पडदे, सोलापुरी चादरी किंवा दुहेरी बेडशीट समोरच्या, श्रोत्यांच्या मागच्या भिंतीवर लावा. कापड भिंतीला चिकटवून लावण्यापेक्षा वीतभर पुढे, दोरीवर चुण्या पाडून सोडलं तर दुप्पट कामाला येतं, कारण भिंतीला टेकून हवेची हालचाल जवळजवळ थांबलेली असते आणि कापडाला शोषायला काही मिळत नाही. बाजूच्या भिंतींपैकी एकाच भिंतीवर काही लावलं तरी तो 'टर्रर्र' मोडतो. काचेची सरकती खिडकी मात्र झाकलीच पाहिजे.

पातळ सतरंजी फक्त वरचे, तीक्ष्ण आवाज खाते. खालचा घुमारा तसाच राहतो आणि खोली 'बसकी' वाटते. सतरंजीखाली गाद्या टाकल्या तर फरक पडतो, आणि माणसंही दोन तास सुखानं बसतात. मांडी अवघडलेला माणूस विलंबित (संथ लयीतलं गाणं) ऐकत नाही, ताल संपायची वाट बघतो. ज्येष्ठांसाठी मागच्या रांगेत आठ-दहा खुर्च्या ठेवा, बाजूला नको, नाहीतर मांडी घालून बसलेल्यांच्या आड येतात.

कलाकारांची जागा आखूड भिंतीकडे, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे. कलाकारांना बसायला आठ फूट बाय सहा फूट जागा पुरते. कोपऱ्यात बसवू नका. कोपऱ्यात खालचे स्वर फुगतात आणि बायाँ सगळं झाकून टाकतो. नेहमीच्या पद्धतीनं तबला गायकाच्या उजव्या हाताला, पेटी डाव्या हाताला येते, तेव्हा तबलजीच्या बाजूचा कोपरा निदान तीन फूट लांब राहील असं बघा. चौरस खोली असेल तर सगळी बैठक मध्यरेषेपासून फूटभर सरकवून मांडा. चौरस खोलीत लांबी-रुंदी दोन्हींचा घुमारा एकाच स्वरावर येतो आणि तो नेमका मध्यभागी त्रास देतो.

पहिली रांग कलाकारापासून पाच-सहा फुटांवर. शेवटची रांग वीस फुटांच्या आत राहिली तर माईकची गरजच पडत नाही. पहिल्या दोन रांगांत जाणकार बसवा. हा मानापानाचा प्रश्न नाही. समेवर मान हलवणारी, योग्य जागी 'क्या बात है' म्हणणारी दोन माणसं समोर दिसली की गायक मोकळा होतो, आणि नवख्या श्रोत्यालाही कुठे काय घडलं ते त्यांच्याकडे बघून कळतं. पुढच्या रांगेत मोबाईल उंच धरून चित्रण करणारा एकच माणूस मागच्या दहा जणांचं ऐकणं घालवतो. आधीच नम्रपणे सांगा की चित्रण एकच जण मागून करेल आणि सगळ्यांना पाठवेल.

खोलीतले आणि बाहेरचे आवाज

तंबोऱ्याची जवारी (तारांची झणझणती गुंजन), श्रुतीतला म्हणजे स्वराच्या उंचीतला बारीक फरक, स्वर सोडतानाची हळुवार मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) हे सगळं फार कमी आवाजात घडतं. मागे सतत घर्रर्र चालू असेल तर कान ते गाळायच्या कामाला लागतात आणि तासाभरात थकतात. श्रोत्याला वाटतं, गाणं कंटाळवाणं होतं.

आदल्या दिवशी, बैठकीच्याच वेळेला, खोलीत पाच मिनिटं गप्प बसा आणि ऐकू येईल ते लिहून काढा. फ्रिज, पंखा, जुन्या ट्यूबलाइटची गुणगुण, एसीचं बाहेरचं युनिट, सोसायटीचा पाण्याचा पंप, शेजारचा कुकर. मोबाईलवरचं आवाज मोजणारं ॲप अचूक नसतं, पण 'पंखा चालू' आणि 'पंखा बंद' यांतला फरक ते बरोबर दाखवतं. शांत खोली चाळीस डेसिबलच्या खाली हवी.

फ्रिज दोन-अडीच तास बंद ठेवला तर काही खराब होत नाही, फक्त चिठ्ठी लावा म्हणजे नंतर चालू करायचं राहणार नाही. पंप चालू करायची वेळ सोसायटीशी बोलून बदलून घ्या. उन्हाळ्यात खोली आधी दोन तास एसीवर गार करून ठेवा आणि गाणं सुरू होताना पंखे हळू करा. छताचा पंखा जोरात असला तर नुसता आवाजच येतो असं नाही, तो स्वराला कापरंही भरवतो, आणि थेट माईकवर वारा आला तर फडफड वेगळीच.

तारीख ठरवताना गणेशोत्सवाआधीचे काही आठवडे संध्याकाळी टाळा. ढोलपथकांचा सराव ही नाशिकची शान आहे, पण नाशिक ढोलाचा ठोका बंद खिडकीतूनही येतो, कारण खालचे स्वर काच अडवत नाही. लग्नसराईत जवळच्या कार्यालयातली वरात किती वाजता निघते ते विचारून घ्या.

वाद्यं खोलीला सरावू द्या

वाद्यं किमान एक तास आधी खोलीत आली पाहिजेत आणि आल्यावर खोळ काढून ठेवली पाहिजेत. पावसाळ्यात तबल्याचं चामडं दमट होतं, स्वर उतरतो आणि चाट दबते. एसीच्या कोरड्या हवेत तेच चामडं ताणतं आणि स्वर चढतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा रात्री दहा अंशांच्या आसपास किंवा खाली जातो. बाहेरच्या गारव्यातून आलेला तंबोरा गरम खोलीत ठेवला की तारा प्रसरण पावतात आणि उतरतात. येताक्षणी लावलेलं वाद्य म्हणूनच वीस मिनिटांत बिघडतं. आल्यावर एकदा ढोबळ लावायचं, श्रोते बसून खोली उबदार झाली की पुन्हा नीट लावायचं. हे दुसरं लावणं श्रोत्यांसमोर शांतपणे होऊ द्या. मिळालेले तंबोरे पाच मिनिटं ऐकले की कान षड्जावर स्थिर होतात आणि पहिला 'सा' वेगळाच लागतो. त्या वेळात निवेदन करू नका.

पंचम वर्ज्य असलेल्या मालकंसाला तंबोऱ्याची पहिली तार मध्यमावर, मारवा-पूरियाला बहुतेक निषादावर. राग आधी विचारून ठेवला तर ऐन वेळी खुंट्या पिळत बसावं लागत नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोरा असेल तर तो गायकाच्या मागे, जमिनीपासून हातभर उंच ठेवा आणि आवाज इतकाच की गायक थांबल्यावर ऐकू येईल, गाताना जाणवेल. समोर ठेवून मोठा केला की तो गाण्याशी भांडतो.

माईक

तीस-चाळीस माणसांना माईक नको. आवाज आणि चेहरा एकाच जागी असले की श्रोता पुढे झुकून ऐकतो. माईक लावला की तो मागे टेकतो.

लावायचाच असेल तर गायकाचा माईक वीतभर अंतरावर, हनुवटीच्या किंचित खालून तोंडाकडे रोखलेला. अगदी ओठांशी नेला तर खालचे स्वर फुगतात, फूटभर लांब नेला तर तबला त्यात शिरतो. गायकाच्या माईकचे ८०-१०० हर्ट्झच्या खालचे स्वर मिक्सरवर कापा, माईकवर येणारी धडधड निघून जाते. इको पूर्ण बंद. खोली स्वतःच घुमते आहे, त्यात आणखी इको टाकणं म्हणजे तान धुवून काढणं. स्पीकर माईकच्या पुढे, बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या जरा वर. स्पीकर मागे गेला की माईक त्याचाच आवाज पुन्हा उचलतो आणि शिट्टी मारतो. शिट्टी आली की सगळा आवाज कमी करण्याआधी मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) कमी करून बघा, बहुतेक वेळा उगम तिथं असतो. खोलीच्या मध्यावर ७५ ते ८० डेसिबल पुष्कळ झाले. दोन तास ९५ डेसिबल ऐकलेल्या कानांना शेवटची भैरवी बोथट ऐकू येते, आणि कानांना इजाही होऊ शकते.

गोदाकाठी किंवा मोकळ्या मैदानावर पहाटेचा कार्यक्रम असेल तर हिशेब बदलतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की पातळी सहा डेसिबलनं घसरते, आणि मागून परत येणारं काहीच नसतं, म्हणून गायकाला मॉनिटर लागतोच. मागच्या लोकांसाठी वीस मीटरवर स्पीकरची दुसरी जोडी लावली तर तिला सुमारे ६० मिलिसेकंद विलंब द्यावा लागतो, कारण आवाजाला एक मीटर जायला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. विलंब दिला नाही तर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. हिवाळ्याच्या पहाटे नदीकाठी गार हवेचा थर खाली आणि ऊबदार हवा वर असते. त्यामुळे आवाज वरून खाली वळतो आणि दूरवर जातो. ऊन चढलं की हे उलटतं. पहाटे बरोबर लावलेला आवाज आठच्या पुढे मागच्या रांगेत कमी पडतो तो यामुळे. तेव्हा मशीनवरच्या माणसानं एकदा मागे जाऊन ऐकून यावं. आणि मोकळ्या जागी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावायला नियमानं बंदी आहे, पहाटेची वेळ ठरवतानाच हे धरून चाला.

वेळ, उजेड, आणि मधले कार्यक्रम

भर दुपारी बारा वाजता दरबारी गायला तर स्वर तेच राहतात, तरी ऐकणारा तिथं पोचत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ऐकण्यानं रागाला वेळेचा वास लागला आहे, आणि तो वास श्रोत्याच्या मनात आहे. म्हणून तो खरा आहे आणि त्याचा उपयोग करून घ्यावा. संध्याकाळची बैठक सहाला सुरू केली तर पूरिया धनाश्री किंवा मारव्यानं उजेड मावळताना ऐकता येतो, मग यमन, मध्यंतरानंतर बागेश्री किंवा मालकंस. सातला बोलावून पावणेआठला सुरू केलं की हा सगळा पट विस्कटतो.

गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी तिकीट लावून सार्वजनिक जलसे केले, वेळेची शिस्त पाळली, आणि उत्तरायुष्यात नाशिकला रामनाम आधार आश्रम उभारला. त्यांच्या गावात तरी बैठक वेळेवर सुरू व्हावी.

दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय हे सगळं मिळून पाच मिनिटं. सत्कार आणि शाल-श्रीफळ मध्यंतरात. पहिल्या स्वराआधी अर्धा तास भाषणं ऐकलेला श्रोता थकलेल्या कानांनी आलापाला सामोरा जातो, आणि गरम केलेला गळाही तोवर थंड होतो. रागाचं नाव आणि बंदिशीचे शब्द मात्र जरूर सांगा, शक्य तर छोट्या कागदावर छापून द्या. नवख्या श्रोत्याला शब्द माहीत असले की बोल-आलापात (शब्द घेऊन केलेल्या आलापात) काय चाललं आहे ते दिसू लागतं.

मोठा ख्याल किमान पस्तीस-चाळीस मिनिटं सलग मिळाला पाहिजे. त्या काळात चहा फिरवू नका, दार उघडू नका. उशिरा येणाऱ्यांना बंदिश संपेपर्यंत बाहेर थांबवायला एक माणूस ठेवा. जेवण आधी ठेवलं तर श्रोते पेंगतात, खूप नंतर ठेवलं तर चुळबुळतात. आधी हलका फराळ आणि शेवटी जेवण हे बरं जमतं.

उजेड कलाकाराच्या चेहऱ्यावर, समोरून आणि पिवळसर. मागची ट्यूबलाइट बंद. डोळे ऐकण्यात किती ढवळाढवळ करतात ते चिया-जुंग त्साय यांच्या २०१३ च्या प्रयोगात दिसलं: पियानो स्पर्धांचे विजेते ओळखताना नुसता मूक व्हिडिओ बघणाऱ्यांचे अंदाज नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त बरोबर आले, आणि असं व्यावसायिक संगीतकारांचंही झालं. म्हणजे चेहरा, हात, बसण्याची ऐट हेही श्रोता 'ऐकतो'. ते नीट दिसेल अशी सोय करणं हा यजमानाच्या कामाचाच भाग आहे.

घरी रेकॉर्डिंग ऐकताना

मोबाईलच्या स्पीकरमधून दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही येत नाही. काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) स्वरात गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या जवळ आहे, खर्ज म्हणजे खालचा षड्ज त्याच्या निम्म्यावर. कान वरच्या स्वरांवरून मूळ स्वर जुळवून घेतो, पण बायाँची मींड आणि तंबोऱ्याचं भरलेपण गेलेलंच असतं. अशा ऐकण्यावरून गायकाच्या आवाजाबद्दल मत बनवू नका. साधा हेडफोनही यापेक्षा पुष्कळ चांगला.

दोन स्पीकर असतील तर ते आणि तुम्ही मिळून सहा फुटांचा समभुज त्रिकोण करा, स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे आणि कानाच्या उंचीवर. दोन गायकांची किंवा दोन रेकॉर्डिंगची तुलना करताना आवाजाची पातळी आधी सारखी करून घ्या, कारण किंचित मोठा आवाज प्रत्येक वेळी 'जास्त चांगला' वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं तसं, आवाज कमी केला की खालचे स्वर कानाला सगळ्यांत आधी कमी पडतात. म्हणून रात्री अगदी हळू लावलेलं रेकॉर्डिंग पातळ वाटतं. दोष रेकॉर्डिंगचा नसतो.

जुनं ध्वनिमुद्रण असेल तर ते कशासाठी केलं होतं तेही बघा. भारतात १९०२ मध्ये गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. गायकांनी अख्खा राग तेवढ्यात बसवला. त्यात विलंबिताचा विस्तार शोधू नये, स्वराची फेक आणि आटोपशीर रचना ऐकावी. पुढे लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली आणि पुन्हा ख्याल फुलायला जागा झाली. खाजगी मैफलीची रेकॉर्डिंग्ज खरखरीत असतात, पण त्यांत दाद ऐकू येते. ती गाळून टाकणारं सॉफ्टवेअर वापरू नका.

बैठक झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या रांगेतल्या एकेका श्रोत्याला तीनच प्रश्न विचारा: बंदिशीचे शब्द कळले का, तंबोरा ऐकू येत होता का, बायाँ जास्त वाटला का. उत्तरं रांगेगणिक वेगळी आली तर दोष बसण्याच्या मांडणीत आहे. सगळ्यांचं उत्तर सारखं वाईट आलं तर खोलीत. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला, पडदा किंवा बैठकीची दिशा, दोन्ही एकदम नको, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही.